ज्या चाकावर घरी यायचं, ते चाक आधी

पोरी, ट्रॅकवर गाडी चालवायचं ठरवलंस, चांगलं केलंस. गाडीची आणि स्वतःची हद्द कळायला बंद आवारासारखी जागा नाही. तिथं समोरून उसाची ट्रॉली येत नाही आणि वळणापलीकडं शेळ्या बसलेल्या नसतात. चाकं कुठली घालू, टायर कुठलं घेऊ, असं तू विचारलंस. हात टायरच्या काजळीत काळे करण्यातच माझा जन्म गेला, तेव्हा मामा म्हणून चार गोष्टी सांगतो. नीट ऐक.

आधी हिशेब कर. तू जाणार आहेस तो कोइम्बतूरजवळच्या चेट्टीपाळयमचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे. दिवसभर फेऱ्या मारल्यास तरी किती होतील? तू राहतेस त्या हैदराबादहून तिथवर एका बाजूनं नऊशेच्या वर किलोमीटर आहेत. सणावाराला गावी हिंगोलीला येतेस ते साडेतीनशे वेगळे. म्हणजे ट्रॅकवर गाडी जेवढी धावेल, त्याच्या कितीतरी पट ती रस्त्यावरच धावणार आहे. तिथून परत तू त्याच गाडीत येणार, दमलेली, बहुतेक रात्रीची. म्हणून कानमंत्र एकच: ज्या चाकावर घरी यायचं, ते चाक आधी निवडायचं. ट्रॅकचं नंतर.

तो ट्रॅक ज्यांच्या नावानं आहे त्या करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन घालून ‘फॉर्म्युला मारुती’ ही स्वस्तातली रेसची गाडी बनवली होती. आपल्याकडची कितीतरी पोरं तिच्यावर शिकली. हे मुद्दाम सांगतो, कारण तुझी स्विफ्ट घेऊन ट्रॅकवर जाताना कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. आणि त्या कमीपणापोटी चाकांवर भलता पैसा उधळायचंही नाही.

आता आपला रस्ता बघ. हिंगोली जिल्ह्यात खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबराचा थर तिच्यासोबत वर-खाली होतो. म्हणून सेनगावकडं जा नाहीतर औंढ्याकडं, आडवाटेला लागलं की रस्त्याला लाटा असतात. अकोला–हिंगोली–नांदेड हा १६१ क्रमांकाचा महामार्ग चांगला झालाय, पण मला भीती चांगल्या रस्त्याचीच जास्त. तिथं वेग नव्वद-शंभर असतो आणि एखाद्या मोरीशी दोन्ही बाजूंचा भराव दबलेला असतो. मोरीचं काँक्रीट जागचं हलत नाही, शेजारची माती मात्र खचते, आणि मधे बोटभर उंचीची धार तयार होते. रात्री ती दिसत नाही. चाक थेट त्या धारेवर आदळतं. रिम वाकते ती अशा ठिकाणी. खड्डा निदान आधी दिसतो तरी.

ही धार झेलते टायरची बगल. तिचं गणित कागदावर मांड, म्हणजे दुकानातला माणूस तुला भुलवणार नाही. तुझ्या स्विफ्टला कंपनीचं टायर १८५/६५ आर १५ आहे. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के बगलेची उंची, १५ म्हणजे इंचात रिमचा व्यास. बगल झाली १२० मिलिमीटर. पूर्ण चाकाची उंची ६२१ च्या आसपास. आता १६ इंची रिमवर १९५/५५ घातलंस तर चाकाची उंची तीच राहते, बगल मात्र १०७ वर येते. १७ इंची रिमवर २०५/४५ घातलंस की चाक ६१६ चं आणि बगल फक्त ९२. म्हणजे रिम आणि त्या मोरीच्या धारेमध्ये तुझं संरक्षण पाव हिश्श्यानं कमी झालं. वरून गाडी देखणी दिसते, हे मी नाकारत नाही. पण १७ इंची घालून गेलेली गाडी पहिल्या पावसाळ्यानंतर बगलेला फुगा घेऊन परत यायची. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. त्याला दुरुस्ती नाही. ते टायर त्याच दिवशी टाकायचं, स्टेपनीलासुद्धा ठेवायचं नाही.

म्हणून माझं ऐकशील तर रस्त्यासाठी १५ इंचीच ठेव. ट्रॅकवरही १५ इंची काही कमी पडत नाही. हलक्या गाडीला हलकं चाक फळतं, ब्रेक लवकर लागतो, गाडी लवकर वळते, आणि टायरही स्वस्त पडतं. ट्रॅकवर टायर झिजतात, तिथं हा फरक खिशाला कळतो.

एकच सेट की दोन, हा तुझा दुसरा प्रश्न. शंकरपटाचा बैल कुणी औताला जुंपत नाही आणि औताचा बैल पटात उतरवत नाही; चाकांचंही तसंच आहे. पण पहिल्या वर्षी एकाच सेटवर जा. रस्त्याचं चांगलं टायर घाल, त्यावरच ट्रॅकवर फिर. रस्त्याचं टायर हद्द जवळ आली की आधी ओरडतं, मग हळूहळू सुटतं. चिकट रबराचं टायर बराच वेळ गप्प धरून ठेवतं आणि सुटलं की एकदम सुटतं. शिकणाऱ्याला ओरडणारंच टायर पाहिजे. आवाज ऐकायला शिकलीस की मग दुसऱ्या सेटचा विचार कर.

रस्त्याचं टायर घेताना नाव आणि किंमत ऐकून मान डोलवू नकोस. टायर खाली घे, उजेडात धर आणि बगल वाच. सगळं तिथंच लिहिलेलं असतं. मापाच्या पुढं ८८ एच असं काहीतरी असतं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार पेलतो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. व्ही असेल तर २४०. कंपनीनं दिलेल्या अंकाच्या खाली यायचं नाही, ना भारात ना वेगात. मघाचं १७ इंची टायर साधं घेतलं तर त्याचा अंक ८४, म्हणजे ५०० किलो. त्याच मापात ‘एक्स्ट्रा लोड’ असं लिहिलेलं घेतलं तर ८८ मिळतो. दिसायला दोन्ही सारखी, दुकानदार पहिलं काढून देतो कारण ते स्वस्त असतं.

मग ‘डॉट’ या अक्षरांनंतरची ओळ शोध. ती एकाच बाजूला पूर्ण असते, आतल्या बाजूला गेली असेल तर टायर उलटं कर. शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतलं मिळालं तर उत्तम. दोन वर्षं गोदामात पडलेलं टायर सवलतीत देतात, ते घेऊ नकोस. आपल्याकडं पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मेला जो उकाडा असतो, त्यात रबर पडल्यापडल्या कडक होतं. अंगठ्याचं नख खोबणीच्या तळाशी दाबून बघ. ताजं रबर नखाला दबतं आणि परत येतं. आयएसआयचं चिन्हही बघ. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर ते बंधनकारक आहे, बाहेरून आलेल्यावरसुद्धा.

काही टायरवर ‘ट्रेडवेअर’ म्हणून एक आकडा असतो. चारशेच्या पुढचं टायर टिकाऊ पण जरा निसरडं, तीनशेच्या आसपासचं मधलं, दोनशेचं चिकट आणि झटपट झिजणारं. हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नकोस. एकाच कंपनीची दोन टायरं ताडून बघायला तो ठीक आहे. तुझ्यासाठी मी तीनशे ते चारशेच्या मधलं घेईन. आणि खोबणी खोल, रुंद, सरळ असलेलं. वारंगा फाट्याकडं पावसात रस्त्यावर पाणी साचतं तेव्हा ते पाणी कापायला खोबणीच लागते.

हैदराबादला हुसेनसागराच्या काठानं विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली ना, फॉर्म्युला ई, ११ फेब्रुवारी २०२३ ला. त्या गाड्यांना खोबणीचंच टायर होतं. ऊन असो की पाऊस, तेच टायर. गुळगुळीत टायर म्हणजेच वेग, असं ज्यांना वाटतं त्यांना हे सांगत जा.

आता रिम. इथं घाई केलीस तर पैसाही जातो आणि जीवही धोक्यात येतो. स्विफ्टला चार नट आहेत, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. बाजारात ४ बाय १०० च्या रिम ढीगभर मिळतात, कारण होंडा सिटीचंही माप तेच. पण मधलं भोक वेगळं असतं. स्विफ्टचं हब ५४.१ मिलिमीटरचं, होंडाचं ५६.१. बाजारातल्या कितीतरी मॅगव्हीलांचं, म्हणजे अलॉय रिमांचं, भोक त्याहून मोठं असतं, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना विकता येते. मधली फट भरायला कडी लागते. प्लॅस्टिकची कडी देतात, ती ब्रेकच्या उष्णतेनं ट्रॅकवर मऊ पडते. अ‍ॅल्युमिनियमची माग. कडीच नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी राहतं, आणि ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. नटांची बैठकही जुळली पाहिजे. स्विफ्टचे नट टोकाला निमुळते आहेत, फोक्सवॅगनची बैठक गोलाकार असते. निमुळता नट गोल बैठकीत बसल्यासारखा वाटतो, पण धरतो फक्त एका कडेवर.

मग ईटी, म्हणजे रिमचा मधला भाग हबपासून किती आत-बाहेर बसतो त्याचा आकडा. तो रिमच्या मागं कोरलेला असतो. तुझ्या मूळ रिमचा आकडा वाचून ठेव. चाळीसची रिम काढून पंचवीसची घातलीस तर चाक १५ मिलिमीटर बाहेर येतं. बेअरिंगवर जास्त ताण, स्टिअरिंग जड, आणि मागं तिघं बसली की टायर फेंडरला घासणार. रिमची रुंदी साडेपाच जेवरून, म्हणजे साडेपाच इंचावरून, साडेसहा केली तर आणखी १३ मिलिमीटर बाहेरची कड सरकते. दोन्ही एकदम केलं तर चाक गाडीच्या बाहेर डोकावतं, आणि मग चिखल काचेपर्यंत उडतो. सहा जे पुरेशी आहे. १८५ आणि १९५ दोन्ही टायर तिच्यावर बसतात.

जुनी रिम घेणार असशील तर विक्रेत्याला टायर काढायला लाव. टायर चढवलेली रिम कधीही घ्यायची नाही. पुढून पॉलिश असते, दोष मागं असतो. ओल्या फडक्यानं आतली कड पुसून काढ आणि बोट फिरव. काळ्या मातीचा थर वाळून बसला असेल तर खरवडून काढ. केसासारखी रेघ दिसली, जिथं नख अडकतं, तर ती भेग आहे. वेल्डिंगचा फुगवटा हाताला लागला, वरून रंग मारला असला तरी, ती रिम नको. वेल्ड केलेली रिम गावात बाजाराला जायला चालेल असं लोक म्हणतात, मी तेही म्हणत नाही, आणि ट्रॅकवर तर मुळीच नाही. त्यानंतर बॅलन्सिंगच्या मशीनवर रिम रिकामी फिरव आणि कडेजवळ खडू धर. खडू एकाच जागी लागत असेल तर तिथं ती वाकलेली आहे. शेवटी वजन कर. हळदीच्या दुकानातला काटा चालतो. दोन रिम सारख्या दिसत असतील तर हलकी घ्यायची, पण तिच्यावर भाराचा आकडा आणि चाचणीचं चिन्ह असेल तरच. जेडब्ल्यूएल कोरलेलं असतं ते असं एक चिन्ह. नुसती हलकी आणि चिन्ह नसलेली रिम म्हणजे कुणीतरी धातू वाचवला.

साध्या लोखंडी डिस्कला, म्हणजे पत्र्याच्या रिमला, नावं ठेवू नकोस. ती वाकते, तुटत नाही, आणि हातोड्यानं सरळ होऊन तुला घरी आणते. मॅगव्हील तडकतं. गावाकडचं येणं-जाणं वाढलं तर रस्त्यासाठी डिस्क आणि ट्रॅकसाठी मॅगव्हील, हा सेट मला मनापासून आवडतो.

दुसऱ्या सेटची वेळ येईल तेव्हा १९५/५० आर १५ हे माप बघ. चिकट रबरात हे माप खूप बनतं. चाकाची उंची मात्र ५७६ वर येते. गाडी जवळजवळ २३ मिलिमीटर खाली बसते, म्हणजे १६३ चा ग्राउंड क्लिअरन्स १४० राहतो, आणि काटा शंभर दाखवेल तेव्हा खरा वेग ९३ असतो. ट्रॅकवर हे सगळं चालतं. आपल्या पांदीत आणि गतिरोधकांवर गाडीचं पोट घासेल. म्हणून ती चाकं गाडीत घालून न्यायची, मागची सीट पाडून, आडवी ठेवून, पट्ट्यानं बांधून. जून २०२० मध्ये सरकारनं टायर आयातीला परवाना बंधनकारक केला, त्यामुळं बाहेरची चिकट टायरं मिळाली तरी जुन्या साठ्यातली असू शकतात. तारीख वाचल्याशिवाय हात लावू नकोस. आपल्याकडं एमआरएफ आणि जेके या कंपन्या शर्यतीचं टायर बनवतात, आधी तिकडं चौकशी कर.

हवेचं मात्र मन लावून शिक, कारण तिला पैसे पडत नाहीत आणि फरक सगळ्यात मोठा तिचाच. हवा गार टायरमध्ये मोजायची. पहाटे, गाडी हलवायच्या आधी. दाराच्या खांबावर स्टिकर आहे, तोच आकडा. टायर दहा अंशांनी तापलं की साधारण दीड पीएसआय हवा वाढते. मे महिन्यात दुपारी हिंगोलीहून निघून नांदेडला पंपावर हवा मोजली तर ती चार-पाचनं जास्त दिसणारच. ती काढायची नाही. काढली की रात्री गार झाल्यावर टायर खाली बसतं, बगल जास्त दुमडते, तापते, आणि दुसऱ्या दिवशी महामार्गावर फुटतं. कमी हवेनं जेवढी टायरं फुटतात तेवढी जास्त हवेनं फुटत नाहीत. नायट्रोजनचा आग्रह धरू नकोस. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. स्वतःचा चांगला मीटर घे आणि कायम तोच वापर, कारण प्रत्येक पंपाचा काटा वेगळं बोलतो.

ट्रॅकवर उलट करायचं. तिथं हवा सहा-आठनं सहज वाढते, म्हणून फेऱ्या मारून आल्याआल्या, टायर गरम असताना मोजायची आणि जास्तीची थोडी काढायची. किती काढायची ते खडू सांगेल. जायच्या आधी टायरच्या खांद्यावर, जिथं नक्षी संपून बगल सुरू होते, तिथं खडूची आडवी रेघ ओढ. परत आल्यावर खडू नक्षीच्या कडेपर्यंतच पुसला असेल तर हवा बरोबर. बगलेवर खाली उतरला असेल तर हवा कमी, टायर लोळतंय. कडेपर्यंत पोचलाच नसेल तर हवा जास्त. स्विफ्ट पुढच्या चाकांवर ओढते, म्हणून पुढची टायरं आधी झिजतात, बाहेरच्या खांद्याला. दुपारी पुढची मागं, मागची पुढं कर. फेऱ्या संपल्यावर एक फेरी सावकाश मार, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नकोस. गिअरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव. आणि परत निघताना, टायर गार झाल्यावर, हवा पुन्हा स्टिकरच्या आकड्यावर आण. हे विसरून लोक तशाच कमी हवेवर रात्रभर गाडी हाकतात.

जाण्याआधी खोबणीत अडकलेली खडी पेचकसानं काढ, ट्रॅकवर ती मागच्या गाडीच्या काचेवर जाते. रिमच्या आत काळा चिखल वाळून बसला असेल तर पाण्यानं धू. आपल्याकडं पावसाळ्यात निम्म्या गाड्यांचं स्टिअरिंग त्या चिखलानंच थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगचे पैसे भरतात. पंक्चर काढलेलं टायर ट्रॅकवर नको. रस्त्यावर चालेल, पण बाहेरून खोचलेली रबराची पट्टी ही तात्पुरती, नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घे. नक्षीत खोबणीच्या तळाशी जे आडवे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरचे, तिथवर झिजलं की टायर संपलं. पावसाळ्याआधी तर मी तीनवरच बदलेन. स्टेपनी १६५/८० आर १४ ची असेल तर तिची उंची जवळपास मूळ चाकाएवढीच आहे, काळजी नको, पण तिच्यातही हवा भरून ठेव.

आणि विमा. पॉलिसीचा कागद काढून वाच. शर्यत आणि वेगचाचणी साध्या मोटार विम्यात बसत नाही. ट्रॅकवर काही झालं तर खर्च तुझा. भलत्या मापाची चाकं घातली तर रस्त्यावरच्या अपघातातही विमा कंपनी बोट ठेवते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. मी १५ वर अडून बसतो त्याचं हेही एक कारण.

नट कधीही पायानं पान्यावर उभं राहून आवळायचे नाहीत, आणि एअरगननंही शेवटचा पीळ द्यायचा नाही. टॉर्क रेंच, आणि मॅन्युअलमधला आकडा. समोरासमोरचे नट पाळीपाळीनं, गाडी जॅकवरून थोडी खाली घेऊन. नवीन चाक लावलं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा, आणि ट्रॅकवर पहिल्या फेऱ्यांनंतर चाक गार झाल्यावर पुन्हा एकदा तपास. रेंच विकत घेऊ नकोस. दिवाळीला येशील तेव्हा माझा घेऊन जा. आणि रिमचा सौदा करण्याआधी मला तिच्या मागच्या बाजूचे आणि डॉटच्या ओळीचे फोटो पाठव, पैसे त्यानंतर दे.